थोरल्या मेहुणीला द्यावी लागणारी होयाची वेल

मी, खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त, विधुर, राहणार याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि रागात लिहून ठेवत आहे. "रागात" हा शब्द काढावा असे वकीलबाईंचे मत पडले. रागाच्या भरात केलेला कागद पुढे कोर्टात लटकतो म्हणे. मी त्यांना सांगितले की भर ओसरून बरीच वर्षे झाली, आता उरला आहे तो नुसता राग, आणि तो माझ्या शुद्धीइतकाच शाबूत आहे. हृदयाच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय कमकुवत, डोके ठीक, असे त्यात आहे. माझा मुलगा चार लोकांत याच्या उलट सांगतो, म्हणून दाखला.

माझे पूर्ण नाव सहीत आहे. ते लांबलचक आहे आणि कोणी फारसे वापरले नाही. इमारतीत मला लिफ्टवाले म्हणतात. वकीलबाई पाचव्या मजल्यावर राहतात, मला काका म्हणतात, आणि मी सांगतो तसे टाइप करतात. अधूनमधून "काका, हे मृत्युपत्रात येत नाही" असे म्हणतात. आम्ही ते घालतो.

कलम पहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मालकीचे म्हणजे हे दोन खोल्यांचे घर, जे मी माझ्या कमाईतून घेतले. बँकेतील शिल्लक. माझी हत्यारे. घरात एक होयाची वेलही आहे, पण तिचा मालक मी नाही. ती माझ्या पत्नीची. ती कोणाला द्यायची हे तिने तोंडी सांगून ठेवले आहे आणि ते अजून अमलात आलेले नाही. का, ते पुढे येईल.

कलम दुसरे. माझी सर्व हत्यारे, पान्यांचा संच, दोन्ही कप्प्या, साखळी आणि कातड्याची पिशवी माझ्या जोडीदाराला द्यावी. त्याला सगळे बुटक्या म्हणतात, मीही म्हणतो, तो मला लंब्या म्हणतो. उभी हयात आम्ही एकत्र काम केले. तो खाली खड्ड्यात, मी वर मशीनच्या खोलीत, आणि मधल्या पोकळीत टनभर लोखंड टांगलेले. त्याने खालून "थांब" म्हटले की माझा हात बटणावरून उठलाच पाहिजे. का थांब, कशाला थांब, हे मागाहून. कधी त्याची चप्पल अडकलेली असायची, कधी नुसता संशय. एकदा त्याने शिंक आली म्हणून थांबवले होते. मी शिव्या दिल्या, पण आधी थांबलो. आम्ही दोघेही सगळी बोटे घेऊन निवृत्त झालो ते यामुळे. बुटक्याला आता गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, हत्यारे त्याच्या काही कामाची नाहीत. तरीही त्यालाच द्यावी. त्याने विकली तर चांगल्या भावात विकावी, भिडेखातर कोणाला फुकट देऊ नये. तो भिडस्त आहे.

कलम तिसरे. अंत्यसंस्काराचा खर्च वजा जाता बँकेतील शिल्लक या इमारतीच्या लिफ्टसाठी वापरावी. फक्त लिफ्टसाठी. गच्चीच्या गळतीसाठी नाही आणि फाटकाच्या रंगासाठी तर नाहीच नाही. माझी पत्नी आजारी असताना या लिफ्टचा दोर बदलायला झाला होता. मी मजुरी घेणार नाही असे लिहून दिले होते, फक्त दोराचे पैसे काढा म्हटले होते. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यावर सभा घेतल्या. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरतच नाही, आम्ही का द्यावे. लिफ्ट सगळा पावसाळा बंद राहिली आणि तेवढे महिने पत्नीला खाली नेता आले नाही, तिला आभाळ दिसले ते खिडकीएवढे. अध्यक्ष मला जिन्यात भेटले की म्हणत, "बघू, करू काहीतरी." लिफ्ट जुन्याच दोरावर अधूनमधून चालते आणि ते अजून बघतच आहेत. तर त्यांनी माझ्या पैशाने दोर बदलावा, पण त्यांच्या नावाची पाटी लिफ्टमध्ये लावू नये. लावली तर रक्कम परत घेऊन बुटक्याला द्यावी.

कलम चौथे. हे कलम वकीलबाईंच्या मते कलम नाही. असू दे.

माझी पत्नी चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत बसायची. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेले भोक, हात जाईल एवढे. लोकांचे चेहरे तिला दिसत नसत, हातच दिसत. हातावरून ती माणूस सांगायची आणि क्वचित चुकायची. लग्नानंतर काही वर्षांनी मी एका जुन्या इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्या बाईंना बाहेर काढले. त्यांनी मला बक्षीस म्हणून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फांदी दिली. मला ते बक्षीस काही पटले नाही. पण पिशवीत टाकून घरी आणली. पत्नीने ती पाण्यात ठेवली. तीच होया. जाड, कातड्यासारखी पाने, हातभर लांब नुसत्या काड्या इकडेतिकडे चाचपडत जाणाऱ्या, आणि फुले म्हणजे मेणात कोरलेल्या चांदण्यांचा घोस. दिवसा वास नाही. दिवे लागले की खोलीभर मधाचा.

फुलायला तिने बरीच वर्षे घेतली. पत्नी म्हणायची, "घाई काय आहे? कुठे जायचंय तिला?"

पुढे पत्नीच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, गाठ गेली, पण पाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणला. वेल वर टांगलेली, ती खाली आडवी. पाणी मी घालायचो आणि ते तिला पटायचे नाही. "अहो, किती ओतताय? मुळं कुजतील. पान दुमडून बघा आधी." मी दुमडायचो आणि मला काही कळायचे नाही.

तेव्हा मी छताला कप्प्या बसवल्या. लिफ्टमध्ये असते तीच रचना. एका बाजूला कुंडी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढेच, किंचित जास्त लोखंडी वजन, मधली दोरी तिच्या पलंगाशी. समोर वजन टांगलेले असले की ओझे वाटत नाही. दोन बोटांनी ओढले की कुंडी खाली यायची, तिच्या छातीशी थांबायची. ती माती चाचपायची, पाने पुसायची, कीड दिसली तर कापसाला स्पिरिट लावून टिपायची, आणि सोडले की कुंडी वर. वेलीच्या लांब काड्यांसाठी मी तीन भिंतींना आकडे ठोकले. काही वर्षांत वेल खिडकीपासून निघून सगळ्या खोलीला वळसा घालून तिच्या उशाशी आली. तिला जाता येत नव्हते तिथे ती वेल गेली होती. दरवाजाच्या चौकटीवर पोचली तेव्हा पत्नी मला म्हणाली, "आता स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला कळणार." मी हसलो. ती हसली नाही, तिला खरेच बरे वाटले होते.

कलम पाचवे. घडले ते असे.

माझी थोरली मेहुणी, म्हणजे पत्नीची मोठी बहीण, हिला आम्ही दोघेही ताई म्हणतो. ताईंचे कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे दुकान होते. डाग दिसला की त्यांचा जीव वरखाली होतो. होयाच्या फुलांतून चिकट मध ठिबकतो, तो चादरीवर पडायचा आणि कधी मुंग्या यायच्या. पत्नीला त्याची तक्रार नव्हती. ताईंना होती. त्या वर्षी पत्नीला खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, खोलीत हवा खेळती ठेवा. ताईंनी एवढे ऐकले आणि झाडाकडे पाहिले. माझ्या मुलाने इंटरनेटवर काहीतरी वाचले की रात्री झाडे माणसाची हवा खातात. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला सगळीकडे धोका दिसतो. मावशी-भाच्याचे फोनवर ठरले. माझ्याशी कोणी बोलले नाही. तिच्याशी तर नाहीच.

एका दुपारी मला फोन आला, एका कार्यालयात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसे होती. ताई आलेल्याच होत्या, त्यांना पत्नीपाशी बसवून मी गेलो. मी गेल्यावर मुलगा आला. सोबत पोती, स्वयंपाकघरातली कात्री आणि व्हॅक्यूम क्लीनर.

पुढचे मला पत्नीने सांगितले. तिने "थांबा" म्हटले. मग मोठ्याने म्हटले. ताई स्टुलावर चढून कापत होत्या, मुलगा खाली ओढून पोत्यात भरत होता आणि यंत्र सुरू होते. आम्हाला त्या यंत्राच्या आवाजात ऐकू आले नाही, असे दोघेही आजवर नातेवाइकांना सांगतात. वेलीवर कळ्या होत्या. फांदी तुटली की तिच्यातून पांढरा चीक येतो, तो सगळा तिच्या पांघरुणावर टपटपत होता. शेवटी कुंडी उरली. ती काढता येईना, कारण पत्नीने पलंगाकडची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तेव्हा माझ्या मुलाने आपल्या आईची बोटे एक एक करून उघडली. हळूच उघडली, असे तो म्हणतो. "बाबा, मी अजिबात जोर केला नाही." मी त्याला विचारतो, मग तिने काय केले असेल? आपणहून सोडली?

मी परत आलो तेव्हा दारातच मला सगळे कळले. समोरचे वजन जमिनीवर येऊन पडले होते आणि कुंडी नसलेली दोरी वर जाऊन कप्पीत अडकली होती. माझ्या धंद्यात असे चित्र दिसले तर पहिला प्रश्न असतो, आत कोण होते.

भिंती उघड्या. नुसते आकडे. ताई म्हणाल्या, "बघा, किती मोकळं वाटतंय."

पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी विचारले, "तिला विचारलं होतं?"

मुलगा म्हणाला, "बाबा, आजारी माणसाला काय विचारायचं? तिच्या भल्यासाठीच केलंय ना."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मी म्हटले, "दोघेही बाहेर व्हा." ताई म्हणाल्या, "अहो, पण..." मी दार उघडून उभा राहिलो. मी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. त्याचा आता पश्चात्ताप होतो. चढवायला हवा होता, निदान इमारतीला तरी कळले असते.

कलम सहावे. त्यानंतर मी खाली कचऱ्याच्या पिंपांपाशी गेलो आणि दोन्ही पोती वर आणली. कुंडी फुटली होती, मूळ चेचले होते. पलंगावर वर्तमानपत्रे पसरली आणि आम्ही दोघे बसलो, म्हणजे मी बसलो. तीन भिंतींची वेल तिच्या पायांवर ढिगाने पडली होती आणि पत्नीला तिचे वजन कळत नव्हते. ती कुठे कापायचे ते दाखवायची, मी कापायचो. पेराच्या, म्हणजे पाने फुटतात त्या गाठीच्या, जरा खाली. पेरापाशीच मूळ फुटते, नुसत्या पानाला किंवा नुसत्या काडीला नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या, बरण्या, पेले संपले. कित्येक दिवस आम्ही कपातून पाणी प्यायलो.

बहुतेक सगळे कुजले. एक तुकडा जगला.

याच काळात मुलगा दारात येऊन एक भेट ठेवून गेला. छोटी कुंडी, लाल फीत आणि मातीत खोचलेले एकच पान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे. दुकानात हल्ली मिळते, तीही होयाचीच एक जात. पत्नीने ते हातात घेऊन मातीतून उपसून पाहिले आणि पुन्हा खोचले. म्हणाली, "याला पेर नाही. हे असंच राहणार." तसेच राहिले आहे. वाळत नाही, वाढत नाही, हिरवेगार आहे. हे पान, त्याची कुंडी आणि लाल फीत माझ्या मुलाला परत द्यावी.

कलम सातवे. घर.

हे घर मी मुलाला देणार नव्हतो. तो गृहीत धरून आहे, त्याने एका दलालाला जिन्यात उभे करून भाव विचारल्याचेही मला कळले आहे. मी ते विकून लिफ्ट कामगारांच्या संघटनेला देणार होतो. पत्नीच्या शेवटच्या आजारात मी हे तिला सांगितले. तिला बरे वाटेल अशी माझी समजूत.

ती म्हणाली, "घर त्याला द्या."

मी म्हटले, "कुणाला?"

"उगीच वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. तुमच्या मुलाला."

"त्याने तुझ्यासमोर काय केलं..."

"माझ्यासमोर केलं ते मला माहीत आहे. तिथे मी होते, तुम्ही नव्हता."

"मग माफ केलंस म्हण."

"माफ केलं असं मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "घर द्या म्हटलं."

मी मान हलवली. नाही अशी. तेव्हा ती जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहवून घेत आहे. "मी थांबा म्हणत होते आणि त्यांनी ऐकलं नाही, याचाच तुम्हाला एवढा राग ना? आता मी सांगतेय आणि तुम्ही मान हलवताय. मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

ती तिकीटखिडकीत बसायची तेव्हाही तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे मी ऐकले नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि वेल ताईला."

मी म्हटले, "काही काय बोलतेस? त्या बाईंनी..."

"ताईला."

"का?"

"मी सांगते म्हणून."

याहून जास्त ती बोलली नाही. मी नंतर पुन्हा विचारायचे ठरवले होते, पण ते राहिले. ती गेली.

तेव्हा हे घर, आतील सामानासह, मी माझ्या एकुलत्या एका मुलाला देत आहे. प्रेमाने नाही, कर्तव्य म्हणूनही नाही. तिने सांगितले म्हणून. पुढल्या एका अटीसह, जी शेवटच्या कलमात आहे. घरातील कप्प्या हत्यारांत मोडतात, त्या बुटक्याकडे जातील. आकडे भिंतीत खोल ठोकलेले आहेत, ते काढताना गिलावा निघेल. त्याचा खर्च मुलाने करावा.

कलम आठवे. होयाची वेल.

जगलेल्या एका तुकड्याची आता पुरती वेल झाली आहे. पत्नी असेपर्यंत ती फुलली नाही. पत्नी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात फुलली. मी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसलो. झाडावर रागावणे शहाणपणाचे नाही हे मला कळते. वास मात्र पाठीमागूनही येत होता.

ही वेल माझ्या थोरल्या मेहुणीला द्यावी. सोबत खालील सूचना द्याव्यात आणि त्यांनी त्या पाळाव्यात.

ताई, कुंडी बदलू नका. लहान वाटते, पण तिला मुळे आवळलेलीच आवडतात. मोठ्या घरात गेल्यावर सगळेच सुखी होतात असे नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पाणी रोज घालू नका. तुम्हाला घालावेसे वाटेल. माती कोरडी झाली आणि पान दोन बोटांत दुमडल्यावर कडक न लागता मऊ वाकले, तरच घाला. घालाल तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि मग तिला विसरा. विसरणे तुम्हाला चांगले जमते.

खिडकीशी ठेवा, सकाळचे ऊन चालेल, दुपारचे नको. कळ्या धरल्यावर कुंडी जागची हलवू नका, फिरवूसुद्धा नका, कळ्या गळतात.

पाने ओल्या फडक्याने पुसा. हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले कराल. साबण नको. सोडा नको. डाग काढायचे कुठलेही औषध नको.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती कीड असते. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपा. घाबरून फांदी छाटू नका.

लांबलचक, बिनपानांच्या काड्या निघतील. त्या निरुपयोगी दिसतात. कापू नका, पाने मागाहून येतात. फुले गळून गेल्यावर आखूड खुंट उरेल. तोही वाळल्यासारखा दिसतो. तोडू नका. पुढल्या वर्षीची फुले त्याच खुंटावर येतात. तुम्ही त्या दुपारी असे किती खुंट तोडलेत हे आता तुम्हाला कळेल, म्हणून हे सविस्तर लिहिले.

मध ठिबकेल. खाली वर्तमानपत्र घाला. चादर घालू नका.

एवढे टाइप झाल्यावर वकीलबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, ताई तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत ना? त्या तुमच्याआधी गेल्या तर हे कलमच रद्द होतं. वेल मग मुलाकडे जाईल."

मी म्हटले, "मुलाकडे?"

"उरलेली सगळी मालमत्ता घराबरोबर जाते."

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मग ताईंना फोन केला. त्या दुपारनंतर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. पत्नी गेली तेव्हाही त्या एका कोपऱ्यात होत्या, मी दुसऱ्या.

मी म्हटले, "वेल न्यायला या."

"कुठली वेल?"

"तुम्ही कापली ती."

मग त्यांनी विचारले, "केव्हा येऊ?"

त्या आज सकाळी आल्या. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आल्या, दारात भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी "बसा" म्हटले, "या" म्हटले नाही. वकीलबाई कागद घेऊन बसलेल्या होत्या. साक्षीदार म्हणून तळमजल्यावरचे चष्म्याच्या दुकानाचे मालक आले होते. दुसरा साक्षीदार बुटक्या ठरला होता, पण त्याच्या वाट्याला हत्यारे येतात, म्हणून तो चालत नाही असे वकीलबाईंनी ऐनवेळी सांगितले.

ताईंनी विचारले, "यात काय लिहिलंय?"

मी म्हटले, "वाचा. पाठीमागे बोलायची मला सवय नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचले. सूचनांपाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. "पान दुमडून बघायचं म्हणजे कसं?" मी दाखवले. त्यांनीही दुमडून पाहिले. मग त्या पुन्हा मागे गेल्या आणि पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे चुकीचं आहे."

मी म्हटले, "एक अक्षरही चुकीचं नाही."

"इथे लिहिलंय, आम्हाला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं."

चष्मेवाले उठून जायला लागले, वकीलबाईंनी त्यांना खुणेने बसवले.

ताई म्हणाल्या, "त्याचं मला माहीत नाही, तो यंत्रापाशी होता. मी वर होते, तिच्या डोक्यावरच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच ऐकू आलं."

"मग थांबला का नाहीत?"

"ती माझी धाकटी बहीण. जन्मात मी कधी तिचं ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी मी नवीन काहीच केलं नाही हो."

त्या रडल्या नाहीत. मीही त्यांना पाणी विचारले नाही. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटले, "तसं लिहा."

दुरुस्ती. कलम पाचवे यातील "आम्हाला त्या यंत्राच्या आवाजात ऐकू आले नाही, असे दोघेही आजवर नातेवाइकांना सांगतात" हे वाक्य थोरल्या मेहुणीपुरते खोटे समजावे. त्यांना ऐकू आले होते. ही दुरुस्ती त्यांनी स्वतः सांगितली असून मला मान्य आहे.

वेल आज, माझ्या हयातीत, त्यांच्या हातात देण्यात आली आहे. आठवे कलम त्यामुळे संपले, तरी सूचनांसाठी कागदावर राहील आणि त्याची एक प्रत त्यांना दिली आहे. या मृत्युपत्राने आता ताईंना काहीच मिळत नाही. म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, होऊ शकतात. मी ताईंना विचारले, "एवढं सगळं वाचून सही कराल?"

त्या म्हणाल्या, "पेन द्या."

मी त्यांना क्षमा केलेली नाही. हे त्यांच्या उपस्थितीत, त्यांना ऐकू येईल अशा आवाजात सांगून लिहवले आहे.

कलम नववे आणि शेवटचे. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकीलबाईंना नेमत आहे. माझ्या मृत्यूनंतर त्यांनी माझ्या मुलाला याच खोलीत बोलावून हे सर्व, दुरुस्तीसह, मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना पंखा बंद ठेवावा. मग घराची किल्ली देण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा: त्या दुपारी तुझी आई "थांबा" म्हणाली, ते तुला ऐकू आले होते का?

तो जे काही उत्तर देईल त्याने घराचा निकाल बदलणार नाही. हो म्हणाला तरी किल्ली द्यावी, नाही म्हणाला तरी द्यावी, कारण तिने तसे सांगितले आहे आणि मी ते ऐकले आहे. पण उत्तर आल्याशिवाय देऊ नये. तो गप्प बसला तर वकीलबाईंनीही गप्प बसावे आणि थांबावे. कितीही वेळ लागला तरी थांबावे. तेवढ्या वेळाची फी माझ्या शिलकीतून घ्यावी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवण्यात आला, आणि तो माझाच आहे.

लिहून ठेवणार: (सही) लिफ्टवाले, तिसरा मजला

आमच्यासमक्ष सही झाली:

साक्षीदार पहिले: (सही) चष्म्याच्या दुकानाचे मालक, तळमजला

साक्षीदार दुसऱ्या: (सही) लिहून ठेवणाऱ्याच्या पत्नीची मोठी बहीण

ठिकाण: राहत्या घरी, बाहेरची खोली

दिनांक: प्रत्येकाने आपापल्या सहीखाली स्वतःच्या हाताने घातला आहे